मंगळवार ते सोमवार

मुंबईच्या जहांगीर कलादालनात आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. आतल्या फलकावर आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निमंत्रणावर तेच चार तपशील असतात: चित्रकाराचं नाव, दालन, तारखा आणि सकाळी ११ ते सायंकाळी ७ ही वेळ. प्रदर्शनाला शीर्षक असलंच तर ते बहुधा इंग्रजी असतं, आणि त्यात 'जर्नी', 'ऱ्हिदम', 'एक्स्प्रेशन्स' किंवा 'कलर्स' यांपैकी एखादा शब्द सापडण्याची शक्यता बरीच असते. खाली उद्घाटन कोणाच्या हस्ते आणि प्रमुख पाहुणे कोण. संपलं.

आगामी प्रदर्शनांच्या या याद्या मी नेमाने वाचतो. सॉफ्टवेअरच्या नोकरीत माझा बराचसा वेळ रांगा सांभाळण्यात जातो. कुठली विनंती आधी आली, कुठली मध्येच अडकली, कुठलीला पुढे सोडायचं. त्या सवयीमुळे असेल, या यादीत मला चित्रांच्या जाहिरातीपेक्षा एक व्यवस्था जास्त दिसते. चित्रांची समीक्षा सोडून यादीची समीक्षा कशाला, असं कुणी विचारेल. तर एवढ्यासाठी, की भिंतीवर काय लागणार, किती दिवस लागणार, ते कोण बघणार आणि त्यावर कोण काय बोलणार, यातलं बरंच काही चित्राला पहिला ब्रश लागण्याआधीच ही यादी ठरवून मोकळी झालेली असते.

जागा कुणासाठी झाली

जहांगीर १९५२ साली सुरू झालं. त्याआधी मुंबईत चित्रं नव्हती असं नाही. जे. जे. स्कूल होतं, १८८८ पासून बॉम्बे आर्ट सोसायटी होती, तिची वार्षिक प्रदर्शनं होती. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप जमला होता आणि १९४९ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत त्यांचं प्रदर्शनही झालं होतं. नव्हती ती फक्त एक गोष्ट: कुठल्याही चित्रकाराला आपली चित्रं लावता येतील आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही आत शिरून ती बघता येतील, अशी कायमची सार्वजनिक जागा.

के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांनी या जागेचा आग्रह धरला. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ पैसा दिला. एक चित्रकार, एक शास्त्रज्ञ आणि एक पारशी दानशूर अशा तिघांमधून हे दालन उभं राहिलं. तिकीट ठेवलं गेलं नाही. आजही नाही.

हा तपशील किरकोळ वाटेल, पण माझ्या दृष्टीने सगळ्या चर्चेचा पाया तोच आहे. काळा घोडा भागात दिवसभर फिरलात तर फुकटात, कुणी नाव न विचारता, बॅग न तपासता आत शिरता येईल अशा जागा किती आहेत ते मोजून बघा. जहांगीरमध्ये कोर्टाच्या कामाला आलेला माणूस शिरतो. पावसात अडकलेलं कॉलेजचं जोडपं शिरतं. म्युझियम बघून दमलेलं, विदर्भातून आलेलं कुटुंब शिरतं, आणि त्यातली आजी सरळ बाकावर जाऊन बसते. १९६४ ते २०१५ या काळात तिथल्या समोवार कॅफेत चहा प्यायला आलेली माणसंही दालनांतून चक्कर मारून जायची. चित्रकलेचा प्रेक्षक म्हणजे नेमकं कोण, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोकळं उत्तर या इमारतीने दिलं आहे.

पुण्यात हेच काम महापालिकेच्या बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन करतं. रंगमंदिर १९६८ चं. तिथल्या कलादालनात शिरणारे पुष्कळ लोक मुळात नाटकाला आलेले असतात. तिसरी घंटा व्हायला अवकाश आहे, बायको अजून रिक्षात आहे, तोवर चला चित्रं बघू. या दहा मिनिटांच्या प्रेक्षकाला नाकं मुरडणारे चित्रकार आहेत. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. तो चित्रं बघायचं ठरवून आलेला नसतो आणि तरीही बघतो. ठरवून येणाऱ्यांच्या जिवावर कुठल्याच कलेचा प्रेक्षक वाढत नाही.

रांग

आता व्यवस्थेकडे येऊ. अशा कलादालनांत चित्रकार अर्ज करतो, तारीख मिळेपर्यंत थांबतो, भाडं भरतो आणि आपला आठवडा घेतो. जहांगीरसाठीची वाट महिन्यांत मोजत नाहीत, वर्षांत मोजतात. चित्रकारांच्या गप्पांत 'जहांगीरची डेट' हा शब्दप्रयोग लग्नाच्या मुहूर्तासारखा येतो.

रांगेचा एक मोठा गुण आहे. रांगेला आवडनिवड नसते. तुम्ही कुणाचे विद्यार्थी, कुणाच्या पार्टीला जाता, इंग्रजी कसं बोलता, याने रांगेतला तुमचा क्रमांक बदलायला नको. खासगी गॅलरीच्या दारात जळगावच्या किंवा साताऱ्याच्या कलाशिक्षकाला कोण उभं करणार? रांग त्याला उभं करते. सामुदायिक कलादालनावर टीका करणाऱ्यांनी हे आधी मान्य करायला हवं.

पण रांगेची किंमत असते, आणि इथे ती चित्रकार भरतो. भाडं हा त्यातला एकच भाग. चित्रांना फ्रेम करायच्या. टेम्पो करायचा. सोमवारी संध्याकाळी आधीचं प्रदर्शन उतरल्यावर रात्रीत आपलं लावायचं. ब्रोशर छापायचं. गावाहून आलेला असेल तर आठवडाभर राहायचं, आणि नोकरी असेल तर त्यासाठी रजा घालवायची. हे सगळं आधी खर्च होतं. त्यातलं परत येण्याचा मार्ग एकच: चित्राशेजारी लागणारा लाल ठिपका.

आता साधं गणित करा. रोज ८ तास, ७ दिवस, म्हणजे ५६ तास. वर्षानुवर्षं थांबून मिळालेल्या या ५६ तासांत खर्च निघायला हवा. त्यातली मंगळवारची संध्याकाळ उद्घाटनात जाते, म्हणजे दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ आणि पाहुण्यांसोबतचे फोटो. बुधवार-गुरुवारची दुपार शांत असते आणि खरी गर्दी शनिवार-रविवारी होते. दालनात ४० चित्रं आहेत आणि बघणारा १० मिनिटं थांबला, असं धरलं तर एका चित्राच्या वाट्याला १५ सेकंद येतात. मोबाइलवर रील बघायला आपण याहून जास्त वेळ देतो.

अशा गणितात बसणारा चित्रकार काय करेल? १५ सेकंदांत कळेल आणि दिवाणखान्यात शोभेल असं चित्र काढेल. हा त्याच्या हाताचा किंवा प्रतिभेचा दोष म्हणून सांगितला जातो, तेव्हा मला त्या सांगण्याचा राग येतो. प्रोग्राम हळू चालत असेल तर आम्ही आधी तो कुठल्या मशीनवर चालतोय ते बघतो. चित्रकाराला तेवढी सवलत का नसावी?

वाडा, घोडा, बुद्ध

सवलत दिली तरी चित्रांबद्दल बोलावंच लागेल, कारण नाही बोललो तर तो त्यांचा अपमान आहे.

महाराष्ट्रातल्या भाड्याच्या कलादालनांत वर्षभर फिरलात तर काही विषय पुन्हा पुन्हा भेटतात. धावणारे घोडे (सातच्या संख्येत असले तर अधिक उत्तम). मिटल्या डोळ्यांचा बुद्ध. बनारसचे घाट, त्यावर छत्र्या आणि नारिंगी प्रकाश. बासरी आणि मोरपीस, ज्यात कृष्ण अर्धाच दिसतो. गणपती, तो तर निम्म्या रेषांतही होतो. आणि पुण्यात हमखास, वाडा.

वाड्याच्या चित्राबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण ते बहुतेकदा चांगलं रंगवलेलं असतं. जलरंग, कोरा सोडलेला कागदाचा पांढरा भाग म्हणजे ऊन. लाकडी दरवाजा, पितळी कड्या, तुळशीवृंदावन, ओसरीवर टेकवलेली सायकल. हात पक्का असतो. सावलीत निळा किती आणि जांभळा किती, याचं ज्ञान असतं. महाराष्ट्रातली जलरंगाची परंपरा जुनी आणि घट्ट आहे, आणि या चित्रांत ती खरोखर जिवंत आहे.

मग खटकतं काय? या वाड्यांत माणसं नसतात. असलीच तर पाठमोरी, नऊवारीतली, कुठे निघाली आहेत ते न कळणारी. भाडेकरू नसतात. तिसऱ्या मजल्यावरचा सामायिक संडास नसतो. मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांच्यातला वर्षानुवर्षांचा खटला नसतो. वाडा पाडायच्या आधी दारावर लागलेली महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस नसते. आणि हे चित्र घेणारा कोण असतो? पुष्कळदा तोच, ज्याच्या घराण्याचा वाडा पाडून सोसायटी झाली आणि जो आता नवव्या मजल्यावर राहतो. जी गोष्ट आपणच विकली, तिची आठवण आपण फ्रेम करून परत विकत घेतो, आणि चित्रकाराने त्या व्यवहाराबद्दल गप्प राहावं अशी आपली अपेक्षा असते. तो गप्प राहतो. वाड्याच्या चित्रातली शांतता त्या गप्प राहण्याची आहे.

याच्याशेजारी सुधीर पटवर्धनांचं चित्र ठेवून बघा. पटवर्धन पुण्यात जन्मले, पुण्यातच डॉक्टर झाले आणि ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत चित्रं काढत राहिले. त्यांच्या १९७७ च्या 'इराणी रेस्टॉरंट'मध्ये किंवा २००१ च्या 'लोअर परळ'मध्ये शहर बदलतंय, आणि त्या बदलाच्या मधोमध माणसं आहेत. इराणी हॉटेल हाही जिव्हाळ्याचा विषय आहे. लाकडी खुर्च्या आणि बन-मस्का काढून कुणालाही तो सहज विकता आला असता. पटवर्धनांना मात्र तिथे बसलेला माणूस हवा असतो, त्याच्या अंगाचं वजन हवं असतं. गिरणगाव बदलताना ते त्यातला बदल रंगवतात, बदल होण्याआधीचा सुंदर क्षण निवडत नाहीत. वाड्याच्या चित्रकारापेक्षा त्यांना रंग जास्त कळतात की नाही, हा वाद मी घालणार नाही. त्यांनी शहराला विचारलेला प्रश्न वेगळा आहे, आणि चित्र मोठं झालं ते त्या प्रश्नामुळे.

दिवसभर रुग्णांचे एक्स-रे वाचून मग कॅनव्हाससमोर उभा राहणारा हा माणूस माझ्यासारख्या नोकरदारांना उगीच जवळचा वाटतो, हेही खरं.

त्याच भिंती

सगळा दोष भाड्यावर आणि रांगेवर टाकून मोकळं होता येत नाही, कारण याच इमारतीचा इतिहास आडवा येतो.

१९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन जहांगीरमध्ये लागलं. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, जोगेन चौधरी, नलिनी मलानी, विवान सुंदरम आणि सुधीर पटवर्धन असे सहा जण. प्रत्येकाची शैली वेगळी, पण प्रदर्शनामागे एक ठरवलेली बाजू होती: चित्रात माणूस परत यायला हवा, त्याच्या जागेसकट, त्याच्या गोष्टीसकट. समीक्षक गीता कपूर यांनी त्यासाठी लेख लिहिला. आज भारतीय चित्रकलेचा इतिहास शिकवताना हे प्रदर्शन टाळून पुढे जाता येत नाही.

त्याच्याही आधी, १९७५ साली, याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या केमोल्ड गॅलरीत डहाणू भागातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं लागली. घराच्या कुडाच्या भिंतीवर, लग्नाच्या चौकासाठी, तांदळाच्या पिठाने आणि मुख्यतः बायकांच्या हातून होणारी चित्रं कागदावर येऊन मुंबईच्या गॅलरीत टांगली गेली. भास्कर कुलकर्णींनी त्यांना तिथवर आणलं होतं. त्यातून वारली चित्रकलेचं पुढे जे काय झालं, चांगलं आणि वाईट, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. साड्या, कॉफी मग आणि हॉटेलांच्या भिंती, सगळं त्यात येतं. पण चित्रकार कुणाला म्हणायचं, हा प्रश्न त्या प्रदर्शनाने उघड केला.

आणि १९९२ मध्ये हुसेन यांनी 'श्वेतांबरी' केलं. दालनात पांढरं कापड आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे कागद. चित्र बघायला आलेल्यांना चित्रच नाही. लोक चिडले, हसले, वाद झाले. मला ती कल्पना फार खोल वाटते असं नाही. पण ज्या जागेत प्रत्येक फूट भिंतीचं भाडं मोजलं जातं, तिथे भिंत रिकामी ठेवणं म्हणजे त्या व्यवस्थेकडेच बोट दाखवणं होतं. हुसेनना ते परवडत होतं, हेही विसरायला नको.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. कुणीतरी आधी विचार केला होता, की ही चित्रं एकत्र का लावायची आणि आत्ताच का लावायची. भिंती, दिवे, पायऱ्या, येणारी गर्दी, सगळं नेहमीचंच होतं. चार ओळींच्या यादीत जी पाचवी ओळ नसते, म्हणजे 'हे कशासाठी', ती त्यांच्याकडे होती.

रांग नको, तर मग कोण ठरवणार?

यावर झटपट सुचणारा उपाय म्हणजे क्युरेटर नेमा, निवड कडक करा आणि भाड्याची पद्धत बंद करा. शहाणी माणसं ठरवतील काय लावायचं ते.

हा उपाय मला तितका साधा वाटत नाही. जहांगीरपासून चालत दोन मिनिटांवर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, १९९६ पासून कावसजी जहांगीर हॉलच्या इमारतीत. तिथे भाडं नाही, रांग नाही, सगळं निवडून ठरतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथे प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन उघडलं. बरवे १९९५ मध्ये गेले. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक चित्रकलेवर मराठीत लिहिल्या गेलेल्या फार थोड्या मूलभूत पुस्तकांपैकी एक. त्यांच्या चित्रांना मुंबईत एवढी जागा मिळणं ही आनंदाचीच गोष्ट होती.

त्या उद्घाटनात अमोल पालेकर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी विषय काढला तो आगामी प्रदर्शनांचा. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या राहिलेल्या नाहीत, पुढे काय लागणार ते आता दिल्लीतून ठरेल, असा त्यांचा आक्षेप होता. बोलत असताना त्यांना मंचावरूनच अडवलं गेलं आणि फक्त बरव्यांबद्दल बोला असं सांगण्यात आलं. व्हिडिओ देशभर फिरला. बहुतेक चर्चा पालेकरांना बोलू का दिलं नाही यावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ते बोलत होते कशाबद्दल, तर वेळापत्रकाबद्दल. पुढच्या वर्षी या भिंतीवर कोण असणार आणि ते कोण ठरवणार, एवढाच तो प्रश्न होता. माईकवरून तो विचारणंसुद्धा कुणाला नकोसं झालं, यातच त्या प्रश्नाचं वजन कळतं.

म्हणून मी रांगेच्या बाजूने आहे. निवडणारा माणूस चांगला असेल तोवर निवड चांगली असते. माणूस बदलला की सगळं बदलतं, आणि तो बदल तुम्हाआम्हाला विचारून होत नाही. रांगेत उभ्या असलेल्या कलाशिक्षकाला निदान आपला नंबर माहीत असतो. मात्र रांगेच्या बाजूने उभं राहायचं तर ती कुणाला कुठे बाहेर ठेवते, हेही बोलावं लागेल. आदिवासी पाड्यावरच्या, भाडं आणि टेम्पो न परवडणाऱ्या, आठवडाभर घर सोडून येता न येणाऱ्या कलाकाराला रांग समान वागवते, म्हणजे बाहेर ठेवते. ही समानता पैसे भरू शकणाऱ्यांपुरती आहे. पाच-सहा वर्षांनंतरच्या तारखेसाठी आज अर्ज करणं हेही त्यालाच जमतं, ज्याला पाच-सहा वर्षांनंतर आपण चित्र काढत असू याची खात्री आहे. घर, मूल, नोकरी सांभाळून काढणाऱ्या किती बायकांना ही खात्री असते?

अभिप्राय वही

प्रत्येक प्रदर्शनात दाराजवळच्या टेबलावर एक वही असते. सोबत दोरीने बांधलेलं पेन. आत 'खूप छान', 'अप्रतिम', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा', 'व्हेरी नाइस वर्क'. कधीतरी एखाद्या मुलाने काढलेली मांजर. बहुतेक चित्रकारांना वर्षानुवर्षांच्या कामाबद्दल मिळणारी समीक्षा एवढीच.

आपल्याकडे चित्रांवर लिहिलंच गेलं नाही असं म्हणता येणार नाही. द. ग. गोडसे होते, ज्ञानेश्वर नाडकर्णी होते. सतीश नाईक यांचं 'चिन्ह' आहे, ज्याने गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारावर मराठीत भरघोस ऐवज उभा केला. दृश्यकलेचा मराठी चरित्रकोश झाला. पण या आठवड्यात लागलेल्या आणि सोमवारी उतरणाऱ्या प्रदर्शनावर याच आठवड्यात मराठीत बरंवाईट लिहिणारं माणूस शोधावं लागतं. नव्या मराठी सिनेमावर शुक्रवारी रात्रीपर्यंत शंभर जणांची मतं येतात. प्रदर्शनाच्या बातमीत मात्र निमंत्रणातल्याच चार ओळी पुन्हा छापलेल्या असतात.

भाषेचा मामला त्यात भर घालतो. चित्रकार कोल्हापूरचा, बघणारा परळचा, दोघं मराठी बोलणारे, आणि मध्ये भिंतीवर लावलेली टीप इंग्रजीत. त्या टीपेत 'इनर सेल्फ', 'कॉस्मिक एनर्जी' आणि 'डिव्हाइन' असतं. तुम्ही चित्रकाराला विचारलंत तर तो मराठीत सांगतो, की दुष्काळात विहिरीचा तळ दिसायला लागला तेव्हा मातीचे जे थर दिसले, तिथून हे रंग आले. किती सरळ, किती पाहण्याजोगं! हे त्याने भिंतीवर का लिहिलं नाही? कारण ब्रोशरला इंग्रजी लागतं असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. विकत घेणारा इंग्रजी वाचतो, हा अंदाज असतो. या अंदाजाच्या नादात विकत न घेणारे, पण बघणारे सगळे परके होतात, आणि विहिरीचा तळ कुणालाच दिसत नाही.

हे वेगळ्या पद्धतीने करता येतं, याचं उदाहरण आहे. पटवर्धनांनीच 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचं समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत फिरवलं. नाव मराठी आणि उद्देश साधा: मुंबई-दिल्लीत जे पाहायला मिळतं ते इतर गावांतल्या चित्रकारांना आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता यावं. मूळ चित्र आणि त्याचा छापील फोटो यांत काय अंतर असतं, ते ज्याने दोन्ही बघितलंय त्यालाच कळतं. पुण्या-मुंबईबाहेर कलाशिक्षण घेणाऱ्या बहुतेक मुलांनी आधुनिक चित्रं फोटोतच बघितलेली असतात, आणि आता तर फोनच्या सहा इंची काचेवर.

यादीत काय हवं

तर मग सामुदायिक कलादालनाच्या आगामी कार्यक्रमांत काय असावं? मी चित्रकार नाही आणि कुठल्या समितीवरही नाही. एक बघणारा म्हणून चार गोष्टी मागतो.

पहिली, पाचवी ओळ. प्रत्येक चित्रकाराने नाव-दालन-तारखांखाली एक मराठी वाक्य लिहावं: मी काय बघत होतो. विहिरीच्या तळासारखं. शीर्षक इंग्रजी ठेवा हवं तर, हे वाक्य मात्र आपल्या बोलीत.

दुसरी, गुरुवारची दुपार. मंगळवारी पाहुणे बोलतात आणि चित्रकार हात बांधून उभा असतो. गुरुवारी दालन तसंही रिकामं असतं. चार वाजता चित्रकाराने आपल्या तीन चित्रांसमोर उभं राहून बोलावं आणि बघणाऱ्यांनी प्रश्न विचारावेत. माईक नको, स्टेज नको, सत्कार तर नकोच. शेजारच्या दालनातल्या चित्रकारांनी आपल्या सहकाऱ्याचं काम नीट बघितलं तरी खूप झालं.

तिसरी, रांगेबाहेरचे काही आठवडे. वर्षाचे ५२ आठवडे असतात. त्यातले दोन तरी भाडं न घेता अशांना द्यावेत, जे रांगेत उभेच राहू शकत नाहीत. जहांगीरमध्ये तरुण चित्रकारांसाठी पावसाळ्यात 'मान्सून शो' होतो, म्हणजे कल्पना नवी नाही. ती वयापुरती न ठेवता परिस्थितीपर्यंत न्यावी. महापालिकेच्या दालनांना तर हे आणखी सोपं आहे. इमारत लोकांच्या पैशांनी उभी आहे.

चौथी माझ्या धंद्यातली आहे. जुनी यादी पुसू नका. बहुतेक दालनांत नवं वेळापत्रक आलं की जुनं फलकावरून उतरतं आणि रद्दीत जातं. दर आठवड्याला लागलेलं प्रत्येक प्रदर्शन, त्याचे चार फोटो, ती पाचवी ओळ आणि अभिप्राय वहीतली दोन बरी पानं जपून ठेवली, तर वीस वर्षांनी महाराष्ट्रातल्या चित्रकलेचा असा इतिहास तयार होईल ज्यात फक्त गाजलेलेच नसतील. साताऱ्याचा कलाशिक्षकही त्यात सापडेल, त्याच्या एका आठवड्यासकट. साठवण्याचा खर्च आज जवळजवळ शून्य आहे. लागतो तो फक्त सोमवारी संध्याकाळी हे करणारा एक माणूस.

यातलं काही होईपर्यंत बघणाऱ्याच्या हातात एक गोष्ट उरतेच. पुढच्या वेळी अशा दालनात शिराल तेव्हा चाळीस चित्रांसमोरून चालत जाऊ नका. एक निवडा. आवडलेलंच असं नाही, खटकलेलंही चालेल. त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा, फोन खिशात ठेवून. मग चित्रकार कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला असेल, त्याच्याकडे जाऊन विचारा की हे असं का काढलंत. तो आधी चपापेल, कारण हा प्रश्न त्याला सहसा कुणी विचारत नाही. निघताना वहीत 'अप्रतिम' लिहू नका. तुम्हाला जे दिसलं ते लिहा, सही करा, आणि मागचा माणूस थांबला असेल तर पेन त्याच्या हातात द्या.